घराचा वेळ आणि मुलांची शाळा

मूल किती वर्षे शाळेत टिकते हे आईबापांची मिळकत, त्यांचे स्वतःचे शिक्षण, घरचा धंदा, घरात बोलली जाणारी भाषा, भावंडांची संख्या आणि शाळेचे अंतर यांवर अवलंबून असते. पण या सगळ्या गोष्टी ज्यांना सारख्याच मिळतात अशा सख्ख्या बहीणभावांचीही शाळा सारखी होत नाही. गरीब घरात मुलीची शाळा आधी सुटते आणि घर वर आले की दोघे बरोबरीने शिकतात, असा एक सरळ हिशोब सर्रास मांडला जातो. रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यातली घरे पाहिली तर हा हिशोब काही ठिकाणी जुळतो, काही ठिकाणी अर्धाच जुळतो आणि एके ठिकाणी चक्क उलटा होतो. तो कुठे आणि का उलटतो हे समजायला पैशाइतकेच वेळाकडे पाहावे लागते. मुलाच्या दिवसातले किती तास घराला हवे आहेत आणि ते तास मुलाचे की मुलीचे, यावर शाळेची बरीचशी वर्षे ठरतात.

अशा पाहणीला पनवेल सोयीचे आहे. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास होती आणि त्यानंतर ती झपाट्याने वाढली. पूर्वेला माथेरानच्या पायथ्याशी मालडुंगे, धोदाणीकडच्या ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. पश्चिमेला खाडीकाठी आगरी, कोळी आणि कराडी समाजाची जुनी गावे आहेत. मध्ये १८५२ मध्ये नगरपालिका झालेले आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका असलेले पनवेल शहर आहे. त्याला लागून सिडकोने वसवलेल्या खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल या वसाहती आहेत, जिथे देशभरातून आलेली नोकरदार कुटुंबे राहतात. वाडीतून वसाहतीत जायला गाडीने तासभरही लागत नाही. दोन्हीकडच्या मुलांच्या शिक्षणात मात्र एका पिढीपेक्षा जास्त अंतर आहे.

घर महत्त्वाचे की शाळा, हा शिक्षणाच्या समाजशास्त्रातला जुना वाद आहे. अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांनी लाखो विद्यार्थ्यांची पाहणी करून अहवाल दिला. शाळेच्या इमारती, पुस्तके आणि खर्च यांच्यापेक्षा मुलाच्या यशाशी घरच्या पार्श्वभूमीचे नाते अधिक घट्ट आहे, असे त्यातून दिसले. १९८३ मध्ये हाइनमन आणि लॉक्सली यांनी २९ देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा गरीब देशांत चित्र वेगळे निघाले. तिथे शाळा आणि शिक्षक कसे आहेत याचा परिणाम घरापेक्षा मोठा होता. दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात. बरी शाळा सर्वांनाच मिळते तिथे मुलामुलांतला फरक घरामुळे दिसतो. शाळाच धड नसेल तिथे ती असणे-नसणे हाच मोठा फरक ठरतो. खारघरला पहिली स्थिती लागू पडते, डोंगरातल्या वाडीला दुसरी.

घराचा वारसा म्हणजे काय, याचे जुने उदाहरण याच तालुक्यात आहे. वासुदेव बळवंत फडके १८४५ मध्ये शिरढोणला जन्मले. त्यांचे आजोबा जवळच्याच कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. लिहिण्या-वाचण्याची परंपरा असलेल्या अशा घरातला मुलगा इंग्रजी शिकून सरकारी कचेरीत लागणे तेव्हा अगदी स्वाभाविक होते. पुढे १८६० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या आणि आज महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांत फडके होते. त्याच गावातल्या कुळाच्या मुलाला ही वाट नव्हती, आणि मुलगी कुणाचीही असो, तिला तर नव्हतीच. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे नेमके यावर बोट ठेवले: सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या थरातल्या मुलांवर होतो. किमान १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती. देशभर ६ ते १४ वयोगटासाठी तसा कायदा यायला २००९ उजाडले.

वाडीपासून सुरुवात केली तर घराच्या वेळाचा हिशोब सर्वांत उघडा दिसतो. कातकरी ही महाराष्ट्रातल्या अतिअसुरक्षित गणल्या गेलेल्या ३ आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या इतर दोन. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार आहे आणि त्यातले बरेच रायगड, ठाणे व पालघर जिल्ह्यांत राहतात. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्यांचा जुना धंदा, नावही त्यावरूनच पडले. तो धंदा जंगल कायद्यांबरोबर गेला. जमीन नावावर असलेली कुटुंबे थोडी. पावसाळ्यात भातशेतीवरची मजुरी संपली की कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जाते. मालकाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती फेडायला दिवाळीनंतर सगळे घर उठून भट्टीवर जाते ते पुढच्या पावसाच्या तोंडाशी परतते.

भट्टीवर मजुरी नवराबायकोच्या जोडीची धरतात. जोडीने जितक्या विटा पाडल्या तितके पैसे, म्हणून मुलांचे हात त्यात आपोआप येतात. सहा-सात वर्षांचे मूल वाळत घातलेल्या विटा पालथ्या करते. आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेते, पाणी आणते, भात शिजवते, आणि त्यामुळे आई चिखलावरून न उठता काम करू शकते. मुलीच्या हातून एकही वीट पडत नाही, पण आईच्या विटा वाढतात. मजुरीच्या हिशोबात मुलीचे नाव कुठेच येत नाही, आणि ती शाळेत गेली तर घराचे नुकसान मात्र लगेच दिसते.

शाळेचे वर्ष जूनच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत चालते. म्हणजे वाडीतले मूल पहिल्या सत्रात वर्गात असते आणि दुसऱ्या सत्रात भट्टीवर. नाव पटावर राहते, मूल राहत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत सरकारने आणली, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत मुलाला बसता यावे. पत्रक घेऊन नव्या शाळेत जाणारे मूल तिथेही चारच महिन्यांचा पाहुणा असते. विधायक संसद या संस्थेने वसई परिसरात भट्ट्यांवरच भोंगाशाळा सुरू केल्या तेव्हा प्रश्न उलट्या बाजूने सुटला: मूल जिथे आहे तिथे शाळा गेली. ऊसतोडीच्या भागातल्या साखरशाळाही याच जातीच्या.

याआधीचा आणि कदाचित सर्वांत शहाणा प्रयोग तत्कालीन ठाणे जिल्ह्यातला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत का येत नाहीत हे शोधताना त्यांच्या लक्षात आले की थोरली मुलगी लहान भावंडाला सांभाळते आणि मुलगा गुरे राखतो. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे मुलीला भावंड घेऊनच येता येईल. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरे चरतील तिथे अक्षरे. मुलगा आणि मुलगी दोघांचीही शाळा घराच्या कामाने अडते, पण दोघांचे काम वेगळे, म्हणून उपायही वेगळा, हे इतक्या स्वच्छपणे ओळखणारी योजना नंतर फारशी झाली नाही. ताराबाईंनी वापरलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे सरकारी योजनेत आला, कामाच्या वेळेचा हिशोब मात्र तितकासा आला नाही. अंगणवाडी दुपारीच सुटते, आई संध्याकाळी परतते, आणि मधले तास पुन्हा थोरलीच्याच वाट्याला येतात.

सर्वांत गरीब थरात लहान वयात मुलगा-मुलगीतले अंतर कमी दिसते, कारण दोघेही शाळेबाहेर असतात. याला समता म्हणता येत नाही. अंतर पडते ते चौथी-पाचवीनंतर. वाडीतली शाळा तिथे संपते आणि पुढची शाळा डोंगर उतरून खाली असते. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक ३ किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, पण डोंगरातले ३ किलोमीटर आणि पावसाळ्यातला ओढा यांचे मोजमाप नियमात नाही. मुलगा ओढा ओलांडून जातो. मुलीला एकटीला कोणी पाठवत नाही. आश्रमशाळा हा दुसरा मार्ग. जिल्ह्यातल्या शासकीय आश्रमशाळांचा कारभार पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून चालतो. निवास आणि जेवण मिळते म्हणून मुले तिथे टिकतात, पण मुलगी वयात आली की तिला घराबाहेर ठेवायला घर कचरते. शिवाय घरी बोलली जाणारी कातकरी बोली आणि पुस्तकातली मराठी यांत इतके अंतर आहे की पहिलीतल्या मुलाला गुरुजींचे बोलणेच परके वाटते. मुलाला हे परकेपण नाक्यावर, भट्टीवर, बाजारात हळूहळू सुटते. घरात आणि वाडीत अधिक राहणाऱ्या मुलीला ते जास्त दिवस पुरते.

खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांची गोष्ट वेगळी आहे, आणि सरळ हिशोब उलटतो तो इथेच. साठ वर्षांपूर्वी ही गावे भात, मीठ आणि मासळीवर जगत. जूनमध्ये शाळा सुरू होई आणि महिन्याभरातच आवणी लागे. आवणी हे वाकून, चिखलात आणि मुख्यतः बायकांनी करायचे काम, त्यामुळे जुलैमध्ये वर्गातल्या मुलींच्या जागा रिकाम्या पडत. दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी. उरलेल्या दिवसांत मिठागर, किंवा आई मासळीची पाटी घेऊन बाजारात गेली की घर. मुलगी चौथीपर्यंत गेली तर पुष्कळ गेली म्हणत. मुलगा सातवीपर्यंत, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत पोचला तर तलाठी किंवा मास्तर होण्याची आशा धरता येई. देशाचे आकडेही तसेच बोलतात: १९५१ मध्ये भारतात पुरुषांची साक्षरता २७.१६ टक्के होती आणि स्त्रियांची ८.८६.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादनाखाली आली. त्याच वर्षी रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय पनवेलमध्ये सुरू झाले. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण पुढच्या पन्नास वर्षांत या दोन्हींनी मिळून घरांचे वेळापत्रक बदलून टाकले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात ५ जणांचा बळी गेला, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. शेत गेले, भूखंड आला, काही घरांत मोठी रक्कम आली.

शेताबरोबर आवणीही गेली. मिठागरे बुजली. चुलीच्या जागी गॅस आला आणि विहिरीच्या जागी नळ. मुलीच्या वेळावरचा घराचा हक्क पूर्ण सुटला नाही, पण शाळेच्या ऐन तासांवरचा सुटला. मुलाच्या बाबतीत नेमके उलटे झाले. बांधकाम सुरू झाल्यावर रेती-खडीचा पुरवठा, डंपर, टेम्पो, पाण्याचे टँकर, कामगार पुरवण्याचे ठेके अशी कामे प्रकल्पग्रस्त म्हणून गावातल्या तरुणांकडे आली. या कामांना पदवी लागत नाही; गाडी, ओळखी आणि रोकड लागते. सोळाव्या वर्षी चुलत्याच्या डंपरवर बसणाऱ्या मुलाला बारावीच्या वर्गात थांबणे म्हणजे कमाई बुडवणे वाटते. मुलाच्या तासाला बाजारात भाव आला, म्हणून त्याची शाळा महाग झाली. बहिणीच्या तासाला तसा भाव नाही आणि शेतातली गरजही उरली नाही, म्हणून ती कॉलेजात गेली. गावातल्या अनेक घरांत आज बहीण पदवीधर आणि भाऊ बारावीच्या अलीकडे थांबलेला, असे चित्र आढळते ते यामुळे. याला मुलीच्या शिक्षणाबद्दलची आस्था म्हणावे की मुलाच्या शिक्षणाबद्दलची बेफिकिरी, हे घराघरावर आहे.

यात जमिनीच्या वाट्याचाही धागा गुंतला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वारसा कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत भावाइतका हक्क दिला. प्रत्यक्षात भूखंडाच्या वाटणीच्या वेळी बहिणींकडून हक्कसोड पत्र लिहून घेण्याची चाल आहे. मुलीला शिकवले, लग्न करून दिले, तिचा वाटा तिला पोचला, असे मानणारी घरे आहेत. म्हणजे मुलाला मिळालेली ठेव भूखंडात आणि मुलीची वह्या-पुस्तकांत. ज्या तालुक्यात एका गुंठ्याची किंमत लाखांत मोजतात, तिथे हा सौदा बहिणीच्या बाजूने फारसा झुकलेला नाही.

शहरातल्या मध्यम आणि कनिष्ठ मध्यम घरांत शाळा सुटण्याचा प्रश्न सहसा येत नाही. तिथला फरक कोणत्या शाळेत, किती खर्चाने आणि कोणत्या माध्यमात असा असतो. दोन मुलांपैकी एकाचीच इंग्रजी माध्यमाची फी परवडत असेल तर ती कोणाची भरायची, याचे उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते. खासगी शाळांत मुलींपेक्षा मुलांचे प्रमाण अधिक, ही देशभरातल्या पाहण्यांत पुन्हापुन्हा दिसणारी गोष्ट आहे. शिकवणीच्या पैशातही हेच. पटावर दोघांची नावे असतात, त्यामुळे आकडेवारीत समता दिसते; खर्चाची वही उघडली तर ती तितकी दिसत नाही. शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या, त्यामुळे काही घरांत हा पेच सुटला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला.

पनवेल शहरात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे आणि याकूब बेग हायस्कूलसारखी उर्दू शाळाही. इथल्या पुष्कळ घरांतला कमावता पुरुष आखातात असे, आणि मुलानेही तिकडेच जायचे हे गृहीत असे. आयटीआय किंवा एखादे तांत्रिक प्रमाणपत्र त्याला पुरे होते. मुलगी घराजवळच्या उर्दू शाळेत दहावीपर्यंत निर्धास्त जाते, कारण अंतर आणि वातावरण दोन्ही ओळखीचे. अडचण त्यानंतर येते, कारण कॉलेजात शिकवण्याचे माध्यम एकदम बदलते. भाषेची पायरी चढता येत नाही म्हणून थांबलेल्या मुलीबद्दल ‘घरच्यांनी थांबवले’ असे सहज म्हटले जाते. ते नेहमीच खरे नसते.

वसाहतींमध्ये घरटी एक-दोन मुले, आईबाप दोघेही पदवीधर आणि अनेकदा दोघेही नोकरीत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटले ते इथे भरपूर आहे: घरात पुस्तके, शिक्षकांशी बरोबरीने बोलणारे पालक, कोणत्या परीक्षेला कधी बसायचे याची माहिती. या घरांत मुलगा आणि मुलगी एकाच शाळेत, एकाच शिकवणीला जातात. तरी अकरावीत वाटा फुटतात. ‘असर’ या पाहणीचा २०२३ चा अहवाल १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांबद्दल आहे. अकरावी किंवा त्यापुढे शिकणाऱ्यांत विज्ञान-तंत्रज्ञानाकडे गेलेले मुलगे ३६.३ टक्के आणि मुली २८.१ टक्के, असे त्यात आढळले. वसाहतीत हे अंतर कमी असावे, पण मुलीला कोटा किंवा पुण्याला पाठवण्यापेक्षा घराजवळचा क्लास बरा, ही पसंती तिथेही दिसते. १९९८ मध्ये हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत आली आणि मुंबईतली कॉलेजे एका पासाच्या अंतरावर आली. मुलींसाठी हा बदल मोठा होता, कारण वसतिगृहाची गरज उरली नाही. संध्याकाळी घरी येता येत असेल तर घर सहज हो म्हणते.

इतक्या अडथळ्यांनंतरही परीक्षेत मुली पुढे असतात. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत २०२४ मध्ये ९७.२१ टक्के मुली आणि ९४.५६ टक्के मुलगे उत्तीर्ण झाले. २०२५ मध्ये हे आकडे ९६.१४ आणि ९२.३१ होते. बारावीलाही २०२५ मध्ये मुली ९४.५८ आणि मुलगे ८९.५१ टक्के. ‘यंदाही मुलींची बाजी’ हा मथळा मराठी वृत्तपत्रांना दरवर्षी नव्याने जुळवावा लागत नाही. जगातही निदान वाचनात चित्र असेच आहे: २०२२ च्या पिसा चाचणीत विकसित देशांच्या गटात वाचनात मुली सरासरी २४ गुणांनी पुढे होत्या, गणितात मुलगे ९ गुणांनी.

या निकालामागे मुलींची चिकाटी आहेच, पण आणखी एक गोष्ट आहे. २०२५ च्या दहावीला राज्यात ८ लाख ६४ हजार १२० मुलगे आणि ७ लाख ४७ हजार ४७१ मुली बसल्या होत्या, म्हणजे हजार मुलग्यांमागे ८६५ मुली. हे विद्यार्थी साधारण २००९ च्या सुमारास जन्मले. २०११ च्या जनगणनेत ते शून्य ते सहा वयोगटात मोजले गेले होते आणि तेव्हा महाराष्ट्रात या वयातल्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. परीक्षागृहातली मुलींची तूट शाळेत जेवढी पडली त्याहून कितीतरी जास्त जन्माच्या आधीच पडली होती. ८९४ आणि ८६५ यांच्यातल्या फरकाचा काही भाग नापास होऊन पुन्हा बसणाऱ्या मुलग्यांमुळे आणि काही इतर मंडळांच्या शाळांमुळे आहे, आणि काही भाग वाटेत गळलेल्या मुलींचा. परीक्षेपर्यंत पोचलेल्या मुली म्हणजे अनेक चाळण्यांतून आलेल्या मुली, ही गोष्ट निकालाचे टक्के वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

भावंडांच्या क्रमाचा परिणाम इथेच येऊन मिळतो. मुलगा होईपर्यंत मुले होऊ द्यायची, असे ठरवणाऱ्या घरात मुलींना आपोआप जास्त भावंडे असतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला कमी पैसा व कमी वेळ येतो. घराने उघड भेदभाव केला नाही तरी हे घडते. सातारा जिल्ह्यात तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचे नाव ‘नकुशी’ ठेवायची रीत होती. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने अशा २८५ मुलींची नावे समारंभाने बदलली. कोकणात हे नाव रुळलेले नाही. थोरल्या मुलीने शाळा सोडून धाकट्यांना वाढवायचे आणि धाकट्या भावाने त्यातून शिकायचे, ही रीत मात्र दोन्हीकडे आहे.

अभ्यासाच्या तासांतला फरकही मोजता येतो. ‘असर’च्या त्याच पाहणीत रोज घरकाम करणाऱ्या मुली ८६ टक्के आणि मुलगे ६६ टक्के निघाले. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद पडल्या आणि वर्ग मोबाईलवर आला, तेव्हा ज्या घरात एकच फोन होता तिथे तो कोणाच्या हातात गेला असेल याचा अंदाज या दोन आकड्यांवरून बांधता येतो.

सरकारी उपाय बहुतेक फीभोवती फिरले. जुन्या मुंबई राज्यात बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना १९५९ च्या सुमारास वार्षिक १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली. ‘ईबीसी’ म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास, हा शब्द त्या पिढीच्या तोंडी बसला तो तेव्हापासून. १९८० च्या दशकात मुलींचे शालेय शिक्षण मोफत झाले. ३ जानेवारी १९९२ पासून दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्त घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. मुलीच्या दिवसाची किंमत घराला द्यावी लागते हे ओळखणारी ही विरळ योजना. फक्त ती किंमत रुपयाच राहिली आणि महागाई पुढे गेली. १९९६-९७ पासून अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. या साऱ्यांत बहुधा हीच योजना डोळ्यांना सर्वाधिक दिसते: सकाळी पनवेल आगाराकडे येणाऱ्या गाड्यांत गणवेशातल्या मुलींची गर्दी असते. मात्र पास चालतो एसटी जाते तिथपर्यंतच.

अलीकडच्या योजना रकमेने मोठ्या आहेत. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरांतल्या मुलींना ‘लेक लाडकी’ योजनेत जन्मावेळी ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ७५ हजार रुपये मिळायचे आहेत. यातली खुबी शेवटच्या टप्प्यात आहे, कारण मोठी रक्कम लग्नाच्या कायदेशीर वयाला बांधलेली आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या घरांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. याचा लाभ बारावीपर्यंत पोचलेल्या मुलींनाच होतो. पाचवीनंतर ओढ्याशी थांबलेल्या मुलीच्या घरी अभियांत्रिकीच्या फीचा प्रश्न येतच नाही.

शाळा सुटण्याचे शेवटचे वळण लग्नाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झालेले आढळले. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण २६.३ टक्के होते. दहा किंवा अधिक वर्षे शाळेत गेलेल्या स्त्रिया या काळात ४२ वरून ५०.४ टक्क्यांवर आल्या. शाळा सुटते म्हणून लग्न लवकर होते की लग्न ठरते म्हणून शाळा सुटते, हे घरोघर वेगळे असते. वाडीत आणि भट्टीवर बहुधा पहिले खरे असते. शाळा नसलेली पंधरा वर्षांची मुलगी एकटी घरी ठेवून भट्टीवर जाता येत नाही आणि भट्टीवर नेणे आईबापांना धोक्याचे वाटते. तिचे लग्न लावणे हा त्यांच्या दृष्टीने राखणीचा उपाय असतो. जवळ वसतिगृह असेल तर हा उपाय करावा लागत नाही.

मुलाच्या लग्नाची घाई नसते. त्याच्यावर घाई कमाईची असते. तळोजा औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा लोखंड बाजार, द्रुतगती मार्गावरची हॉटेले आणि आता विमानतळाभोवती उभी राहणारी गोदामे यांत दहावी नापास मुलालाही काम मिळते. ते काम पंचविशीतही तेवढ्याच पगारावर थांबते, पण सतराव्या वर्षी तो पगार मोठा वाटतो. मुलींसाठी अशा जागा कमी आणि रात्रपाळी घराला चालत नाही, म्हणून त्या शिकत राहतात. पदवीनंतर त्यांना मिळणारे काम पुष्कळदा खासगी शाळेतली शिक्षिका, रुग्णालयातली परिचारिका किंवा दुकानातला काउंटर इथे येऊन ठरते. दहावीला मागे पडलेला भाऊ आणि पुढे गेलेली बहीण यांच्या मिळकतीचा क्रम तिशीत अनेकदा उलटलेला असतो.

घरची पार्श्वभूमी पिढीगणिक बदलते आणि त्यात आईचे शिक्षण सर्वांत वेगाने बदलते आहे. ‘असर’च्या पाहण्यांनुसार ग्रामीण भारतात ५ ते १६ वयाच्या मुलांच्या मातांपैकी कधीच शाळेत न गेलेल्या माता २०१६ मध्ये ४६.६ टक्के होत्या, २०२४ मध्ये २९.४. पनवेलच्या खाडीकाठच्या गावांत ज्या मुली भाऊ डंपरवर गेल्यावरही कॉलेजात राहिल्या त्या आज आया आहेत. पालकसभेला वडिलांऐवजी आता त्या येतात, गृहपाठाच्या वहीवर सही त्यांची असते, आणि मुलाला अकरावीत विज्ञानाला घालायचे की चुलत्याच्या गाडीवर, या चर्चेत बोलणारे घरात आणखी एक माणूस असते. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावापुढे आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचा नियम राज्याने केला. यांतली सर्वांत थोरली मुले २०३० च्या जूनमध्ये पहिलीत बसतील.